पपईच्या देठातले फुगे

“पोट भरू दे. पन हौस थोरी बाकी ठेव,” आमच्या शाळेतली मावशी सांगायची, आणि सांगताना पदर कमरेला असा खोचायची की समोरच्याने वाद घालायचा विचारच सोडावा.

नव्वदच्या दशकात कोपरखैरण्यात आमची विशेष मुलांची शाळा होती, दोन खोल्यांची. मी तिथली शिक्षिका, नवी कोरी पदविका घेऊन आलेली. मावशी जवळच्या गावठाणातली, मुलांना सांभाळायला ठेवलेली. किती शिकलीस विचारलं तर “चौथी, ती पन अर्धी,” म्हणायची.

एकदा सात वर्षांची एक मुलगी आली. बोलत नव्हती, बोटही दाखवत नव्हती. तहान लागली तरी नुसती रडायची. “आज मी ओळखते हो,” तिची आई म्हणाली. “माझ्यामागे कोण ओळखणार? हिने मागायला शिकावं, बास.”

तिला साबणाचे फुगे आवडतात एवढं मला कळलं. झालं! सकाळपासून मी फुगे सोडत बसायचे आणि अकरा वाजता धडा सुरू करून म्हणायचे, “माग बघू. फू म्हण.” पोरगी खिडकीकडे बघायची. दोन महिने हाच तमाशा. मला तिचा राग यायचा, हे आज लाज सोडून सांगते.

एक दिवस मावशीने माझी फुग्यांची बाटली सरळ कपाटात टाकली. “टीचर, जेवून उठलेला मानूस परत पंगतीला बसतो का?”

चार दिवस फुगा नाही. पाचव्या दिवशी मावशी तिच्या परसातल्या पपईचा पोकळ देठ घेऊन आली. वाटीत साबण कालवला, तीन फुगे सोडले आणि देठ ओठांशी धरून गप्प बसली. मी तोंड उघडलं तर डोळ्यांनीच दटावलं. पोरगी जवळ आली. देठ ओढून बघितला. मावशी हलली नाही.

“फू,” पोरगी म्हणाली.

मावशीने लगेच फुगे सोडले. मी मात्र चक्क रडले.

पुढे एक मोठ्या तज्ज्ञ बाई शाळा बघायला आल्या. म्हणाल्या, एखादी गोष्ट काही काळ मिळाली नाही की तिची ओढ वाढते, मागायला कारण मिळतं. शास्त्रात याला ‘एस्टॅब्लिशिंग ऑपरेशन’ म्हणतात. “आपरेशन कसलं बाय,” मावशी म्हणाली, “साबनाचं पानी हाय.” मी बाईंना ठणकावून सांगितलं, हे मला हिने शिकवलंय. सांगताना माझीच मान ताठ झाली होती. तुमचीही झाली असती.

दोन वर्षांत पोरगी पाणी, पोळी, झोका, सगळं मागू लागली. पण मागायची त्या वस्तूच. माणसं तिच्या लेखी असून नसल्यासारखी.

मग गुडघ्यांनी दगा दिला आणि मावशीने काम सोडलं. पहिल्याच सोमवारी पोरगी दारापाशी अडून राहिली. मी फुगे सोडले. तिने माझा हात बाजूला सारला. मावशीच्या रिकाम्या स्टुलावर तळवा ठेवला आणि म्हणाली, “मावशी.” मग पुन्हा, “मावशी.”

तिची आई अजून दारातच होती. एक चप्पल पायात, एक हातात.

“टीचर,” ती म्हणाली, “ही माणूस मागतेय.”