गोरक्ष वकिलांची खात्रीलायक बातमी

नाशिकच्या कोर्टात गोरक्ष बोडके वकिलांचे एक गुपित होते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. गुप्त बातम्या गोळा करणाऱ्या कुठल्याशा खात्यातले यादव नावाचे गृहस्थ त्यांच्या संपर्कात असत. त्यांचा फोन आला की वकीलसाहेब बाररूममधून उठून व्हरांड्यात जात, तोंडावर हात धरत आणि जे काही कुजबुजत ते खालच्या झेरॉक्सवाल्यालासुद्धा नीट ऐकू जाई. परत येऊन म्हणत, "काही नाही, जरा देशाचं काम होतं."

फौजदारीत मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पोलिसांच्या कागदात 'खास बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाली' हे वाक्य दिसले की त्यांना चेव येई. "कोण हा बातमीदार? रिकामटेकडा, अर्धवट पाहणारा, पोलिसांच्या चहाला चटावलेला!" हे ऐकायला नवे वकील मुद्दाम येऊन बसत. आणि त्याच संध्याकाळी मिसळीच्या हॉटेलात हेच साहेब यादवांच्या कानाला लागलेले असत. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसायला त्यांना चष्मासुद्धा लागत नसे.

गेल्या हिवाळ्यात ते विंचूरला एका पक्षकाराकडे जेवायला गेले. जेवणानंतर पक्षकाराने त्यांना हौसेने वाइन पार्कातला एक छोटा कारखाना दाखवायला नेले. वकील माळकरी. दारूचा वाससुद्धा ज्यांनी फक्त आरोपींच्या तोंडून घेतला, असे. तिथे दोन गोरे दिसले, एक म्हातारा आणि एक तरुण. दोघे पेल्यातून घोट घेत, तोंडात खुळखुळवत आणि सरळ बादलीत थुंकून टाकत. शेजारी पांढऱ्या पुडीच्या पिशव्या. म्हाताऱ्याने त्यातली चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि मान हलवली.

बोडक्यांच्या घरात ताटात शीत टाकायची सोय नाही. इतकी महागाची वस्तू तोंडात घेऊन जो थुंकतो, तो ती प्यायला आलेलाच नाही, त्याचा धंदा त्या पुडीचा आहे, असे त्यांनी जागच्या जागी ठरवून टाकले. शेजारी पक्षकार उभा होता, त्याला विचारता आले असते. पण विचारले तर मग गुप्तता ती काय राहिली?

"थुंकत होते?" यादवांनी मिसळीवरून मान वर केली.

"थुंकत होते. आणि पूड चाटत होते. परदेशी माणसं आहेत, साहेब. माझा अंदाज सहसा चुकत नाही."

आठवडा उलटायच्या आत कारखान्यावर धाड पडली. पिशव्या जप्त झाल्या, दोघे आत गेले आणि टीव्हीवर 'अमली पदार्थांची आंतरराष्ट्रीय टोळी' झळकली. वकिलांनी बाररूममध्ये पेढे वाटले. कशाचे, ते सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही, कारण धाडीनंतरचा यादवांचा फोन सगळ्यांनीच ऐकला होता.

दोन दिवसांनी त्यांच्या ऑफिसात स्नेहा मोगल आल्या. कारखाना त्यांचा.

"काका, ते बापलेक आहेत, जॉर्जियाचे. वाइनची चव सुधारायला मीच बोलावलंय त्यांना. चव बघणारा माणूस थुंकतोच हो. गिळत बसला तर दुपारपर्यंत आडवा होईल. आणि ती पूड द्राक्षाचाच आंबटपणा आहे, वाइनमध्ये घालतात. पण लॅबचा रिपोर्ट यायला महिने लागणार, तोवर जामीन कठीण, असं सगळे म्हणतात. म्हाताऱ्याला हृदयाचा त्रास आहे. काल कोठडीत चक्कर येऊन पडले. तुमचे वरपर्यंत संबंध आहेत म्हणून तुमच्याकडे आले."

वकिलांच्या पायाखालची जमीन सरकली. वकीलपत्र घेतले असते तर कोणाला काही कळले नसते. यादव बातमीदाराचे नाव मेले तरी सांगत नाहीत. केस जिंकली असती, वर्तमानपत्रात फोटो आला असता. हे सगळे त्यांच्या मनात येऊन गेले, नाही असे नाही. पण कोठडीत पडलेला म्हातारा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बाई, मला ही केस घेता येणार नाही," ते म्हणाले. "ती बातमी मी दिली."

स्नेहाबाई म्हणाल्या, "हे कोर्टात सांगाल?"

केस सायली गांगुर्डेकडे गेली. वकिलांच्याच हाताखाली शिकून तिने वेगळे ऑफिस थाटले होते. गोरक्ष वकिलांनी प्रतिज्ञापत्र करून दिले, की मी पाहिले ते एवढेच: दोघे थुंकत होते आणि पूड चाखत होते. बाकीची टोळी माझ्या डोक्यातली.

सुनावणीला बाररूम ओस पडली, सगळे कोर्टात. सायली उठली आणि सुरू झाली, "कोण हा बातमीदार? रिकामटेकडा, अर्धवट पाहणारा, पोलिसांच्या चहाला चटावलेला!" शब्द न् शब्द गुरूचा, हातवारेसुद्धा. गुरू मागच्या बाकावर मान खाली घालून ऐकत होते.

न्यायाधीशांनी त्यांना पुढे बोलावले. "बोडके, तुम्ही एवढ्या वर्षांचे वकील. हा बातमीदार तुमच्या मते खात्रीलायक आहे का?"

"साहेब, मी त्याला जन्मापासून ओळखतो," वकील म्हणाले. "अजिबात नाही."

कोर्ट हसले. न्यायाधीशही गालात हसले, आणि जामीन दिला.

दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या दाराबाहेर वकील जाऊन उभे राहिले. यादवही तिथे आले होते.

"नाव कशाला फोडलंत, वकीलसाहेब? आम्ही नसतं फोडलं."

"इतक्या वर्षांत इतक्या बातम्या दिल्या," वकील म्हणाले, "आणि एक चुकली."

यादव जरा घुटमळले. "राग मानू नका. तुमच्या बातम्या मी कधी वर धाडल्याच नाहीत. मिसळ बरी असते, तुमची सोबत बरी वाटते, म्हणून यायचो. ही एकच धाडली."

"हीच का?"

"त्या आठवड्यात माझ्याकडे धाडायला दुसरं काहीच नव्हतं."

समोर स्नेहाबाईंच्या गाडीपाशी मुलाने बापाला धरून आत बसवले. म्हाताऱ्याला पाय उचलता येईनात. मुलगा खाली वाकला आणि त्याने ते एकेक करून उचलून आत ठेवले.