उगमाचा रकाना

आश्विनात सोयाबीन घरात आलं की पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या समितीच्या किश्शांचं तसंच झालंय. कोणी चहाला आलं की मी एक पोतं सोडते आणि चहा बिचारा थंड होतो.

समिती म्हणजे मी, निवृत्त मास्तरीण, आणि तीन पाहुणे: नेपाळच्या माया दीदी, बांगलादेशच्या रेहाना आपा, श्रीलंकेचे निमल सर. चार शेजारी देशांनी मिळून ठरवलं, की बायका अंगणात सणाची गाणी म्हणतात ती रेकॉर्ड करून एकाच सामाईक संग्रहात ठेवायची. प्रत्येक फॉर्मवर चौघांच्या सह्या हव्यात. एकदा सह्या झाल्या, की मग त्यातलं अक्षरही कोणाला एकट्याला खोडता येत नाही. हा नियम मला भारी आवडतो!

आमच्याकडून भुलाबाईची गाणी द्यायची होती. ती सगळीच्या सगळी येणारी आमच्या रिठद गावात एकच उरली, गंगाकाकू. ऐंशी ओलांडलेली, दोन ओळी म्हटल्या की दम लागतो. यंदा झालं तर झालं, हे मलाही कळत होतं आणि काकूलाही.

*

सुरुवातच वरच्या ऑफिसच्या पत्राने झाली. "भुलाबाईचे सादरीकरण फेब्रुवारीत घ्यावे."

काकू भडकली. "भुलाबाई भादव्याच्या पुनवेले माहेरी येते अन् कोजागिरीले जाते. साहेबाच्या तारखेले थे कायले येईन?"

मी आपलं सरळ कळवून टाकलं, भुलाबाई फेब्रुवारीत येऊ शकत नाहीत.

आठ दिवसांत उत्तर हजर! "कृपया पर्यायी कलाकार सुचवावा."

*

शेवटी पाहुणे आश्विनातच आले. पहिल्या दिवशीच्या जेवणात निमल सरांनी मिरचीचा ठेचा भाकरीवर घेतला, शांतपणे खाल्ला आणि विचारलं, "याहून तिखट नाही का?"

पंगत गार! वाढणारी काकूची सून माझ्या कानात म्हणाली, "बाई, गावाची इज्जत गेली न!"

दुसऱ्या दिवशी काकूने स्वतः पाट्यावर ठेचा वाटला. सरांनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि तांब्या उचलून तोंडालाच लावला.

काकूने पदर नीट केला. "आता बसा कराराले."

*

रेकॉर्डिंगला बसलो तर शेजारच्या खळ्यात थ्रेशर सुरू. काकू उठून गेली. "पांडुरंग, दोन गानी होईस्तोर मशीन बंद कर."

"काकू, आभाळ भरून राह्यलं! माल भिजला त तुमी देसान काय?"

रेकॉर्डिंग करणाऱ्या आपांना मी हिंदीत समजावून सांगितलं. त्यांनी कानावरचे हेडफोन काढले, दीदींना हाक मारली, आणि दोघींनी ताडपत्रीची दोन टोकं धरली. सरांनी तिसरं धरलं, पांडुरंगाने चौथं. ढीग झाकला, दगड ठेवले, मशीन थांबलं. काकूने दोन नाही, सात गाणी म्हटली!

पाऊस काही आला नाही. पण पांडुरंग अजून सांगत फिरतो, "माह्या सोयाबीनले चार देशाचं संरक्षण होतं!"

*

गाणी संपली, रेकॉर्डिंग उत्तम झालं आणि गाडी फॉर्मवर अडली. शेवटचा रकाना होता: 'उगम.' कुठला देश लिहायचा?

मी म्हटलं, भारत. दीदी म्हणाल्या, आमच्याकडेही बायका सणाला अशाच गातात. आपा म्हणाल्या, ही चाल मी आजीकडून ऐकलीय. सर म्हणाले, मग आमचंही नाव येऊ द्या. दिवसभर हेच! माझाही आवाज चढला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी पाहुणे निघणार होते. सह्या झाल्या नाहीत तर काकूची गाणी संग्रहातून बाद. एवढी काळजी मला बोर्डाच्या निकालाचीही कधी वाटली नव्हती.

दिवेलागणीला काकूने भुलाबाईच्या मूर्तीपुढे झाकलेला डबा ठेवला. खिरापत! आत काय आहे ते ओळखायचं, ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही.

"अन् ओळखल्याबिगर कोनी घरीबी जात नाही," काकूने आपला एक नियम जोडला.

तिने डबा कानापाशी हलवून दाखवला. दीदी म्हणाल्या, "तिलको लड्डु!" आपा म्हणाल्या, "तिलेर नाडू!" सरांनी वास घेतला आणि म्हणाले, "तलगुली!"

काकूने झाकण काढलं. नव्या तिळाचे, गुळातले लाडू. तिघंही बरोबर! आणि तिघंही लगेच सांगायला लागले, की हा लाडू मुळात आमचाच.

"आता याच्यावरबी भांडता काय?" काकूने तिघांच्या हातावर एकेक लाडू ठेवला आणि माझ्याकडे वळली. "काय अडलं तुह्या कागदात?"

"उगम, काकू. गाणी कुठली म्हणून लिहायचं."

"मले मायनं शिकवली, मायले तिच्या मायनं. लिही, माहेरची."

मी ते हिंदीत सांगितलं, सरांसाठी इंग्रजीत सांगितलं. दीदी हळूच आपल्या भाषेत म्हणाल्या, "माइती." आपा म्हणाल्या, "बापेर बाडी." सर म्हणाले, "महागेदर. माझी आई तिथेच गायची."

मी रकान्यात 'माहेर' लिहिलं. दिव्याच्या उजेडात चार सह्या झाल्या. माझे डोळे भरून आले, आणि लाडू खाता खाता काकूने ते पाहिलं.

पंधरा दिवसांनी वरच्या ऑफिसचं पत्र आलं. "'माहेर' या नावाचा देश आमच्या यादीत आढळत नाही. सह्या झाल्याने नोंद बदलता येत नाही. तरी कृपया नकाशा जोडावा."

मी ते काकूला वाचून दाखवलं.

"नकाशा?" काकू म्हणाली. "कोन्त्याबी लेकीचे डोळे बांधून सोडा म्हनाव तिले. जाते का नाही सरळ माहेरी, थे पाह्य!"