रथसप्तमीची सुपारी

आधीच सांगून टाकतो. या सदरातल्या भुताखेतांच्या नि साक्षात्काराच्या गोष्टी मी वाचत नाही. ते पान उलटून पुढं जातो. माझं शिक्षण मराठी चौथी, धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं... दोरा अडकलेला असतो, नाहीतर आतला एखादा भाग झिजलेला असतो. विनाकारण बंद पडलेलं मशीन मी आजवर पाहिलेलं नाही. त्यामुळं हे लिहायला बसलोय याची माझी मलाच लाज वाटते. पण आमच्या मराठी मंडळाच्या लायब्ररीत हे मासिक येतं, आणि तिथल्या चौघांनी "लिहा हो, लिहा" करून माझं डोकं खाल्लं. शुद्धलेखन संपादकांनी बघून घ्यावं.

मी कलकत्त्यात भवानीपूरला राहतो. एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत दुकान आहे... दुकान म्हणजे एक बाकडं नि एक कपाट. बायको भागीरथी. तिला जाऊन आता चार वर्षं होतील. शेवटचं वर्षभर तिचे हात लुळे पडले होते, तेव्हा तिला लुगडं मीच नेसवायचो. नऊवारी, काष्ट्याचं. ती पडल्या पडल्या सूचना द्यायची — "अहो, काष्टा घालताय की मशीनला पट्टा चढवताय?" एका महिन्यात शिकलो. अजूनही येतं, पण आता नेसवायचं कुणाला?

भागीरथी कोकणातली, भातलावणीच्या चिखलात वाढलेली. चाळीस वर्षं कलकत्त्यात काढली पण नऊवारी सोडली नाही, आणि बंगाली शिकली ती भांडण्यापुरती. फार चिडली की तेवढंही विसरून मराठीवर यायची. अंगानं काडी. लुगडं कमरेवर ठरायचं नाही म्हणून तिनं स्वतःची एक युक्ती काढली होती. काठात एक सुपारी धरायची, तिच्यावर गाठ मारायची आणि ती गाठ कमरेत खोचायची. मग काय बिशाद लुगडं सुटेल. मंडळातल्या बायका हसायच्या. ती म्हणायची, "तुमचं सुटेल तेव्हा मागायला याल."

आता मूळ गोष्ट.

सियालदहजवळ निर्वासित बायकांचं एक शिवणकेंद्र होतं. पूर्व बंगालमधून जीव घेऊन आलेल्या बायका तिथं फ्रॉक नि परकर शिवायच्या. तिथली मशीनं दुरुस्तीला माझ्याकडं असायची. भागीरथी गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिथं वसुधा यायला लागली. वसुधा म्हणजे आमच्या मंडळातल्या जुन्या मास्तरांची मुलगी. इथंच जन्मली, युनिव्हर्सिटीत मानसशास्त्र शिकवते, मराठी बोलते पण बंगालीच्या चालीवर. दंगलीतून वाचलेल्यांच्या साक्षी ती गोळा करत होती. गावात काय झालं, कोण मारलं गेलं, तुम्ही कशा वाचलात... सगळं त्यांच्याच तोंडून टेप-रेकॉर्डरवर घ्यायचं नि पुढं त्याचं पुस्तक काढायचं. आणि शेवटी एक प्रश्न असायचा — "त्या वेळी असं काही दिसलं का, जाणवलं का, जे तुम्ही कुणाला सांगत नाही?" म्हणे मरणाच्या दारात गेलेल्या पुष्कळ माणसांना कुणीतरी सोबतीला आल्यासारखं वाटतं, आणि विद्वान लोक त्याचा अभ्यास करतात.

मी म्हटलं, "वसू, हे शिकायला कॉलेज लागतं?"

"शिकायला नाही, काका. शिकवायला लागतं."

तिचा तो टेप-रेकॉर्डर म्हणजे नुसता धोंडा होता नि सारखा अडायचा. म्हणून मला धरलंन. "काका, तुम्ही स्पूल बदला आणि गप्प बसा." गप्प बसायचं मला जमतं. घरी चाळीस वर्षं सराव झालेला.

एक दिवस दुपारी ननीबाला बोलायला बसली. साठीची असेल, अंगानं बारीक, बोलणं तुटक. तिच्या गावातून नदीपार निघालेली ती आणि तिची कडेवरची नात, एवढी दोनच माणसं. बाकी घरातल्या अकरा जणांची नावं तिनं ओळीनं सांगितली, मग शेजारघरातल्यांची, मग पलीकडच्या घरातल्यांची. एका सुरात, कुणी वगळलं जाऊ नये म्हणून एकेक बोट दुमडत. वसुधानं पेन खाली ठेवलं होतं. मशीनं थांबली होती.

मग ननीबाला म्हणाली, "पाठशाळेतली सरस्वती आदल्या दिवशी विसर्जन केली होती. त्या दिवशी दुपार कलली तेव्हा ते आले. मी नातीला उचललं नि शेतातून पळाले. रोपं नुकती लावलेली, गुडघाभर चिखल. साडी पायांत यायची, वर धरायला हात मोकळा नाही. तीनदा पडले. चौथ्यांदा उठलेच नाही. वर बघते तर पुढं कुणीतरी पाठमोरं उभं. धोतर नेसलेला माणूस. म्हटलं, संपलं. तो वळला... तर बाई!"

"बाई?" वसुधा म्हणाली. "मग धोतर कसं?"

"ते मी काय सांगू! नाकात मोती, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, आणि खाली पुरुषासारखं धोतर. तरातरा आली, पाठीत एक धपाटा घातला, आणि सुरू झाली."

"काय म्हणाली?"

"एक शब्द कळला नाही. पण दीदी, शिव्या कुठल्याही भाषेत कळतात."

सगळ्या बायका हसल्या, ननीबालाही हसली. मग टेबलावरचं उरलेलं कापड उचलून तिनं करून दाखवलं — त्या बाईनं कमरेतून सुपारी काढली, ननीबालाच्या साडीच्या काठात धरून गाठ मारली, गाठ कमरेत खोचली, आणि खालचा घोळ दोन पायांतून घेऊन मागं खुपसला. "मग मी धावले. नदीपर्यंत एकदाही पडले नाही. वळून बघितलं तर नुसती शेतं."

"काका! स्पूल!" वसुधा ओरडली. टेप संपून चक्री फडफडत होती नि मी बघत उभा.

मी एवढंच विचारलं, "दीदी, धपाटा कुठं घातला?"

ननीबाला उठली, माझ्या मागं आली, आणि तळहाताच्या टाचेनं दोन खांद्यांच्या मधोमध सणसणीत एक दिला. "इथं, दादा."

भागीरथी घालायची, बरोबर तिथंच. तिचे हात लुळे पडल्यापासून, दोन वर्षांत, त्या जागी काही बसलं नव्हतं. मी चहा न पिता निघालो.

ट्रॅममध्ये बोटांवर मोजलं. सरस्वतीपूजा म्हणजे पंचमी. दुसऱ्या दिवशी विसर्जन, षष्ठी. त्याच्या दुसऱ्या दिवशी सप्तमी... म्हणजे आपली रथसप्तमी. साल त्या दंगलींचंच, ते विचारायची गरजच नव्हती. पहिला प्रजासत्ताक दिन झाला त्याच आठवड्यातली ती रथसप्तमी, आणि त्या दिवशी आमच्या घरी जे झालं ते मी विसरणं शक्य नाही.

त्या दिवशी आमच्याकडं हळदीकुंकू होतं. सकाळी भागीरथीनं गोवऱ्यांवर दूध उतू घातलं, तिळगूळ ताटात रचला. दुपारी तीनला म्हणाली, "जरा टेकते." ही बाई दिवसा कधी झोपलेली मी पाहिली नव्हती. चारला मंडळातल्या बारा बायका दारात हजर, आणि ही उठेना! हाका मारल्या, हलवलं. एकीनं तोंडावर पाणी मारलं, दुसरीनं कांदा फोडून नाकाशी धरला. श्वास चालू, पण बाई घरात नाही असं वाटावं. मी डॉक्टरकडं निघणार तेवढ्यात पाच वाजता ताडकन उठून बसली.

"काय बघताय अशा? कुणी मेलंय का इथं?"

पुढं म्हणाली, "पाय दुखतायत माझे, दिवसभर लावणी केल्यासारखे." आणि कमरेला हात लावून, "अहो, माझी सुपारी कुठं पडली? बघा जरा पलंगाखाली."

बारा बायकांसमोर मी पलंगाखाली शिरलो. अर्धा तास शोधलं. ट्रंकेच्या कोपऱ्यावर डोकं आपटून टेंगूळ आलं, सुपारी नाही मिळाली. तिला विचारलं, काय झालं होतं गं? तर म्हणाली, "काही नाही, डोळा लागला." बस्स. कोळणीशी झालेलं भांडण शब्दाशब्दानं सांगणारी बाई, यावर एक अक्षर बोलली नाही. शेवटपर्यंत.

हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हणतील, बायको गेल्यापासून म्हातारा भरकटला.

आठवड्यानं टेप-रेकॉर्डर दुरुस्त करून वसुधाच्या युनिव्हर्सिटीतल्या खोलीवर पोचवायला गेलो तर आत तिचे वरिष्ठ प्रोफेसर. मोठा बंगाली माणूस, पांढरंशुभ्र धोतर, हातात पाइप. ननीबालाची साक्ष पुस्तकातून काढून टाका म्हणत होते.

"तिला पुरुष दिसला की बाई, हेच तिला सांगता येत नाही," सर म्हणाले. "ज्यांना हे सगळं घडलंच नाही असं म्हणायचंय, ते नेमकं हेच पान उघडतील. म्हणतील, इथली साक्षीदार भ्रमिष्ट आहे, मग बाकीच्या कशावरून नाहीत?"

वसुधा म्हणाली, "पण सर, त्या गावातून दुसरं कुणी वाचलेलं नाही. हिची साक्ष गेली तर गावच गेलं."

सरांनी पाइप टेबलावर ठेवला. दुष्ट माणूस नव्हता. तोंड त्याचंही उतरलं होतं.

मला ती अकरा नावं आठवली. दुमडलेली बोटं आठवली. मी म्हटलं, "सर, उद्या अकरा वाजता अर्धा तास द्या मला."

"आपण कोण?"

"मेकॅनिक."

दुसऱ्या दिवशी पिशवीत भागीरथीचं हिरवं लुगडं घालून गेलो. वसुधाला म्हटलं, तू नेस. तर ही विद्वान बाई म्हणते, "काका, मला येत नाही! मी कधी जवळून पाहिलंसुद्धा नाही." इथं जन्मलेल्या मुली, मंडळाकडं कधी फिरकत नाहीत, काय बोलायचं! तिनं साक्ष ऐकून ओळखलं नाही ते यामुळंच. मग काय... सदरा-लेंग्यावरून मीच नेसलो. युनिव्हर्सिटीच्या खोलीत, सरांच्या पुढ्यात, बासष्टाव्या वर्षी. सुपारीची गाठ मारली, काष्टा घातला, पदर घेतला नि पाठ फिरवून उभा राहिलो.

"मागून काय दिसतं, सर?"

"धोतर."

वळलो. "आता?"

सरांच्या तोंडातला पाइप खाली आला. वसुधा हसता हसता रडायला लागली, की रडता रडता हसायला, देव जाणे. दारात दोन-चार विद्यार्थी गोळा झाले होते, त्यांना मी म्हटलं, "काय रे, आजी कधी पाहिली नाही?"

सर खुर्चीतून उठले, माझ्याभोवती एक फेरी मारली. "म्हणजे तिनं पाहिलं ते बरोबर सांगितलं."

"टाक्याला टाका जुळतो. मागून धोतर, पुढून बाई. आमच्याकडच्या सगळ्या बायका अशाच दिसतात."

"पण त्या गावात मराठी बाई आली कुठून?"

"ते मला विचारू नका. मी नेसण सांगितली, बाईचा पत्ता नाही सांगितला."

साक्ष राहिली. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं, इंग्रजीत. वसुधानं पान उघडून माझं बोट ओळीवर ठेवलं नि वाचून दाखवलं. अकराच्या अकरा नावं आहेत, शेजारघरांचीही. खाली सरांची टीप... 'ही स्त्री महाराष्ट्रातील पद्धतीचे वस्त्र नेसलेली असावी. ओळख पटलेली नाही.' रथसप्तमीची हकिगत मी नंतर एकट्या वसुधाला सांगितली. तिनं तीही टेपवर घेतली, पण पुस्तकात घातली नाही. म्हणाली, "काका, याला अजून शब्द नाहीत आमच्याकडं."

ननीबालाला मी एकदा विचारलं, ती सुपारी आहे का? तिनं ट्रंकेतून पुरचुंडी काढली. झिजून गुळगुळीत झालेली, एका बाजूला चीर. तिला ठाऊक होतं की काय कोण जाणे, म्हणाली, "तुम्ही घ्या, दादा." मी घेतली नाही. सुपारीवर कुणाचं नाव नसतं, आणि पूर्व बंगालमध्ये सुपारीची काय कमी! शिवाय दिलेली वस्तू परत घेतलेली भागीरथीला खपायची नाही. दर रथसप्तमीला ननीबाला नि तिची नात आमच्याकडं जेवायला येतात. दूध मीच उतू घालतो. नात म्हणते, "आजोबा, जरा जास्तच उतू जातं तुमचं."

तर असं आहे. कारण मला सापडलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला सापडलं तर कळवावं, मी मशीन उघडून सगळे भाग मांडून ठेवले आहेत. माझी तक्रार वेगळीच आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना सुद्धा सांगून जाणारी ही बाई, त्या दिवशी एवढ्या लांब मला न सांगता गेली. बरं गेली तर गेली. सुपारी स्वतःच्या हातानं तिकडं बांधून आली, आणि मला अर्धा तास पलंगाखाली शोधायला लावलीन! टेंगूळ आठवडाभर होतं. वर भेटली की पहिलं हेच विचारणार आहे.