एकट्याच्या वर्कशॉपला सुपरवायझरची केबिन

“मॅडम, तुमचं फाउंडेशन हलू राहिलं. रविवारी वापीची पार्टी येऊ राहिली. मी लेथ देऊन टाकतो.”

एवढं बोलून महाजनभाईंनी फोन ठेवला. मी तेव्हा राखोलीला एका कारखान्याच्या शेडवर चढायच्या बेतात होते. हेल्मेट काढलं आणि शिडीच्या पायथ्याशीच बसले. खरं सांगायचं तर मला राग आला होता. सिल्वासाच्या आसपास कारखान्यांच्या शेड बांधता बांधता माझे केस पांढरे झाले. मोठमोठे प्रेस माझ्या फाउंडेशनवर दिवसरात्र आदळतात आणि कोणाची तक्रार नाही. आणि घरामागच्या वर्कशॉपमधला एक लेथ म्हणे हलतो!

फाउंडेशन म्हणजे मशीनखालचा काँक्रीटचा ठोकळा. तो फरशीला चिकटू द्यायचा नाही, चहूबाजूंनी फट ठेवायची. नाहीतर मशीनचा हादरा फरशीतून भिंतीत आणि भिंतीतून स्वैपाकघरातल्या बरण्यांपर्यंत जातो. घरामागचं वर्कशॉप म्हणून मी इथे जरा जास्तच काळजी घेतली होती. त्यात सिल्वासा गाव लहान. फाउंडेशन बसलं नाही म्हणून मशीन विकलं, ही बातमी पसरायला वेळ लागत नाही.

महाजनभाई मूळचे रावेरकडचे. तरुणपणी इथे आले, एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात टर्नर म्हणून लागले. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा. लेथमध्ये लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि त्याला हत्यार लावून तो हव्या मापाचा तासतात. महाजनभाईंचा हात इतका चांगला की कंपनीने त्यांना बढती दिली आणि टूलरूमचं सुपरवायझर केलं. टूलरूममध्ये साचे बनतात, दुरुस्त होतात. पुढे निवृत्त होईपर्यंत ते सुपरवायझरच राहिले. भाई हे आडनावापुढचं शेपूट कारखान्यातलंच. इथे मशीनवर उभा राहिलेला प्रत्येक माणूस भाई होतो.

खेरडीला त्यांचं छोटं घर आहे. मागे परस, परसामागे भाताची शेतं. त्या परसात स्वतःचं वर्कशॉप आणि शेजारी गाडीसाठी गॅरेज बांधायचं, स्वतःचा लेथ घ्यायचा आणि पुन्हा टर्नर व्हायचं, हे त्यांचं निवृत्तीनंतरचं स्वप्न होतं. ते माझ्याकडे आले तेव्हा लहान मुलासारखे बोलत होते. “दुसऱ्याच्या मशीनवर लई वर्षं काढली मॅडम. आता आपलं पाहिजे.”

मी जागा बघायला गेले तर त्यांनी परसात चुन्याने पूर्ण मापाचा नकाशा आखून ठेवला होता. लेथ इथे, ड्रिल तिथे, ग्राइंडर कोपऱ्यात, गॅरेजचं शटर रस्त्याकडे. त्यांच्या पत्नी कल्पनाताई बिबड्यांची, म्हणजे वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांची, खाट उचलून कुठे ठेवावी या विचारात उभ्या होत्या. त्यांची उन्हाची जागा त्या नकाशात गेली होती, पण त्या काही बोलल्या नाहीत. लेथच्या बरोबर समोर एक चौकोन होता.

“हे काय?” मी विचारलं.

“केबिन. सुपरवायझरची.”

“माणसं ठेवणार आहात का कामाला?”

“नाही वो. मी एकटाच. पण टूलरूम म्हटली म्हणजे केबिन पाहिजे ना.”

फॅब्रिकेटर दिनेशभाई माझ्या सोबत होते. लोखंडी सांगाडा, पत्रे, अ‍ॅल्युमिनियमचं काम सगळं त्यांच्याकडे. ते लगेच त्यांच्या गुजरातीत म्हणाले, “केबिन तो जोईए ज ने मॅडम! शोभा आवे.”

मी हसले आणि नकाशात केबिन काढली. कारखान्यात केबिनची जागा ठरवायची एक रीत आहे. जिथून सगळ्या मशीनवर नजर पोचते तिथे ती ठेवायची, आणि कमरेच्या वर सगळी काच. मी सवयीने तशीच काढली. खुर्चीवर बसलं की समोर थेट लेथ.

वर्कशॉप झालं. लेथ आला, हार घातला, पेढे वाटले. मग तक्रारी सुरू झाल्या. पहिल्यांदा म्हणाले, जॉबवर सावली पडते. जॉब म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा. मी छतात पारदर्शक पत्रा टाकून दिला. मग म्हणाले, गरम होतं. छतावर वाऱ्याने फिरणारा पंखा बसवला, पत्र्याखाली इन्सुलेशन लावलं. मागण्या रास्तच होत्या, म्हणून मी त्या गपचूप पुऱ्या केल्या. त्यानंतर आला हा फाउंडेशनचा फोन.

मी लेव्हल, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, घेऊन तशीच खेरडीला गेले. महाजनभाई मागे होते. दार कल्पनाताईंनी उघडलं आणि मला आधी स्वैपाकघरात बसवलं.

“मॅडम, खरंच बिघडलंय का हो? पोरगा म्हणतो, वर्कशॉप चालत नसेल तर सगळं विका अन् पुण्याला या. तिथं चौथ्या मजल्यावर यांनी काय करायचं? गॅलरीत बसून गाड्या मोजायच्या?”

“रोज जातात ना वर्कशॉपमध्ये?”

“जातात ना! डबा घेऊन जातात. हे इथं दार, ते तिथं वर्कशॉप. मी म्हणते, गरम जेवा घरात येऊन. तर म्हणतात, ड्यूटीच्या टाइमाला घरी येत नसतात.”

मला हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत.

वर्कशॉपमध्ये महाजनभाई इस्त्रीच्या शर्टात उभे होते. मी लेथवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. मग कल्पनाताईंकडून स्टीलची वाटी मागून घेतली, काठोकाठ पाणी भरलं आणि मशीनच्या डोक्यावर ठेवली. ही साधी तपासणी आहे. मशीन चालू केल्यावर पाणी थरथरलं तर फाउंडेशनमध्ये खोट आहे.

“करा चालू,” मी म्हटलं.

“आज राहू द्या. तेल टाकायचं आहे.”

तेलाची काच भरलेली दिसत होती. मी हिरवं बटण दाबलं. मोटर घुमली, तुकडा पकडणारा चक फिरू लागला. वाटीतलं पाणी हललं नाही, नुसतं चमकत होतं.

“आत्ता नाही हलू राहिलं,” महाजनभाई म्हणाले. “जॉब लावला का हलतं.”

“मग लावा जॉब.”

“टूलला धार नाही.”

“ग्राइंडर आहे समोर. लावा धार.”

ते चष्मा पुसायला लागले. मी मशीन बंद केलं आणि पहिल्यांदा नीट आजूबाजूला बघितलं. जिथे लेथ चालतो तिथली फरशी कधी स्वच्छ नसते. लोखंडाचे कुरळे छिलके, ज्याला सगळे चिप्स म्हणतात, ते मशीनच्या पोटात, चपलांच्या तळव्यात, झाडूत, सगळीकडे सापडतात. तेलाचे डाग पडतात. इथे फरशीचा रंग नवाकोरा होता आणि मशीनच्या ट्रेमध्ये कंपनीचं ग्रीस तसंच होतं. केबिनमध्ये मात्र खुर्चीची गादी बसून बसून दबली होती. टेबलावर वर्तमानपत्र, डबा, पाण्याची बाटली.

“महाजनभाई, या मशीनवर तुम्ही एकदा तरी काम केलंय का?”

ते केबिनमध्ये गेले आणि आपल्या खुर्चीवर बसले. मी समोरच्या स्टुलावर बसले. काचेतून लेथ दिसत होता.

“सुपरवायझर झालो तेव्हापासून हँडल धरलं नाही मॅडम,” ते म्हणाले. “आमच्यात सुपरवायझरने मशीनला हात लावला म्हणजे ऑपरेटरची इज्जत जाते अन् आपलीबी. म्हणून लावलाच नाही. आता हात विसरला असेल तर?”

“विसरला असेल तर परत शिकेल. इथे कोण बघतंय?”

“तेच तर सांगू राहिलो. बघतंय ना.” त्यांनी काचेवर बोट टेकवलं. “मी पोरांचे लई जॉब फेकलेत. मायक्रोमीटर लावायचो. केसाएवढं जरी इकडचं तिकडं झालं का लाल रंग फासायचा अन् रिजेक्टच्या डब्यात. पोरं काचेकडे बघत बघत काम करायची. तेव्हा मला ते बरं वाटायचं. आता मी तिकडं मशीनपाशी उभा राहतो, टूल लावायला जातो अन् मान आपोआप इकडं वळते. केबिनमध्ये कोणी नसतं, समजतं मला. पण मला मीच बसलेलो दिसतो. मग म्हणतो, सावली पडू राहिली. म्हणतो, गरम होऊ राहिलं.”

“म्हणतो, फाउंडेशन हलू राहिलं,” मी म्हटलं.

“हां,” ते म्हणाले आणि ओशाळून हसले.

येताना मी भांडायच्या तयारीने आले होते. ते सगळं विरून गेलं आणि मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर हा माणूस ज्या नजरेने दुसऱ्यांना बघत आला, तीच नजर त्याने स्वतःच्या परसात बांधून घेतली होती. आणि ती कुठे बसवली की सगळ्यात नीट पोचेल, हे मी माझ्या अनुभवाने ठरवून दिलं होतं. मी आजवर किती शेडमध्ये अशा केबिन काढल्या असतील. त्या काचेपलीकडे उभं राहून काम कसं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मी तिथूनच दिनेशभाईंना फोन लावला. “केबिन खोलायची आहे.”

“अरे मॅडम, आटली सरस केबिन! शुं थयुं?”

“काही नाही झालं. उद्या सकाळी माणूस पाठवा.”

महाजनभाई उठून उभे राहिले. “नाही नाही. केबिन राहू द्या. थकलो का बसायला जागा लागते. मी कुठं बसू मग?”

कल्पनाताई वाटी परत न्यायला दारात आल्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या म्हणाल्या, “घरात बसा. ओट्यावर बसा. जेवायला घरात या. काढा हो मॅडम ती केबिन. मला कधीची खुपते.”

“तू बोलली नाही कधी.”

“मला कोणी विचारलं होतं?”

दुसऱ्या दिवशी दिनेशभाई स्वतःच आले. हळहळत हळहळत त्यांनी एकेक काच उतरवली, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या खोलल्या आणि टेंपोत घातल्या. कोणाच्या तरी ऑफिसला लागेल म्हणाले. टेबल आणि खुर्ची गॅरेजमध्ये गेली. वर्कशॉप एकदम मोठं दिसायला लागलं. मागच्या खिडकीतून शेतं दिसायला लागली. ती खिडकी मीच दिली होती, पण केबिनच्या काचांआड ती हरवली होती.

“आता?” मी विचारलं.

“आता तुम्ही सगळे चहा प्यायला जा,” महाजनभाई म्हणाले. आम्ही बाहेर पडताच त्यांनी दार आतून लावून घेतलं.

आम्ही स्वैपाकघरात बसलो. कल्पनाताईंनी चहा ठेवला. थोड्या वेळाने मोटरचा आवाज आला. मग किंकाळीसारखा एक कर्कश आवाज. हत्यार नीट धरलं नाही की ते लोखंडावर थरथरतं आणि असं ओरडतं. टर्नरला सगळ्यात लाज वाटावी असा हा आवाज असतो. मोटर बंद झाली. कल्पनाताई हातात गाळणी धरून उभ्याच राहिल्या.

“बिघडलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “काम सुरू झालंय.”

पुन्हा मोटर, पुन्हा तीच किंकाळी, जरा कमी. मध्येच काहीतरी फरशीवर पडलं. मग ग्राइंडरचा आवाज आला, म्हणजे टूलला धार लागत होती. दिनेशभाई बशीतला चहा फुंकत म्हणाले, “बराबर छे, बराबर छे.” चहा गार झाला तरी कोणी उठलं नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. शर्टावर तेल, हात काळे, कपाळावर एक काळा पट्टा. महाजनभाईंनी खिडकीतूनच पाणी मागितलं.

“झालं का काही?” कल्पनाताईंनी विचारलं.

“भंगार झालं,” ते म्हणाले. पाणी प्यायले आणि परत आत गेले. कल्पनाताई डोळ्यांना पदर लावून हसायला लागल्या. मलाही भरून आलं. या धंद्यात असं कमी वेळा होतं.

रविवारी वापीचा माणूस लेथ बघायला आला. महाजनभाईंनी त्याला मशीन चालवून दाखवलं, चहा पाजला आणि विकायचं नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, पण जाताना म्हणाला की मशीन झकास आहे आणि फाउंडेशन तर त्याहून झकास. ही गोष्ट मला महाजनभाईंनी स्वतः फोन करून कळवली. माझ्या दृष्टीने हिशोब तिथेच मिटला.

भात कापणीला आला तेव्हा मी सहज तिकडे गेले. लेथभोवती पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे चिप्स. महाजनभाई शेजारच्या शेतकऱ्याच्या पाण्याच्या पंपासाठी बुश करत होते. बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी धातूची कडी. मापाला ती फार चोख लागते. त्यांनी ती पंपाच्या दांड्यावर चढवून फिरवून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

“ढिली आहे का?” मी विचारलं.

“जराशी. पंप चालेल त्याचा. पण सुपरवायझर असता तर लाल रंग फासला असता.”

“मग आता काय करणार?”

“देऊन टाकतो. तो रिटायर झाला ना,” असं म्हणत त्यांनी बुश पुसली, कागदात गुंडाळली आणि पुढचा तुकडा चकमध्ये आवळायला घेतला.

मशीनचं वजन किती, जागा किती, हे मी आता नंतर विचारते. घरामागे कोणाला वर्कशॉप हवं असलं की आधी विचारते की इथे काम कोण करणार आणि बघणार कोण. दोन्हीला एकच नाव आलं तर नकाशात केबिन काढत नाही, गिऱ्हाईक कितीही रुसलं तरी.