दरीकडची खिडकी

डोंगर चढायला येणाऱ्यांच्या त्या मुक्कामघरात सगळे तिला वहिनीच म्हणत. दीर तशी हाक मारायचा, तीच साऱ्यांच्या तोंडी बसली. नवरा गेल्यावर दीर-भावजयींनी मिळून घर चालवलं. तो पाहुण्यांना वाटा दाखवी, ती स्वयंपाक नि अंथरुणं सांभाळी. बाई मोठी धीराची. पण वादळानं तिच्या जिवाचं स्वास्थ्यच नेलं.

त्या दिवशी भर दुपारी वारा असा उठला, की वरच्या खोलीतली दरीकडची मोठी खिडकी चौकटीसकट आत आली. मागोमाग अर्धं छप्पर उडालं. वहिनीनं पाहुण्यांना अक्षरशः ढकलत तळघरात नेलं. जीव सगळ्यांचे वाचले, पण काचेनं एका मुलीचं कपाळ फाटलं, आणि तिला खाली आणताना दिराचा पाय मोडला.

दुरुस्ती सुरू झाली तशी वहिनीच्या पायाला भिंगरी लागली. सुतारानं ठोकलेला खिळा ती हलवून बघे, वाळलेली ब्लँकेटं पुन्हा उन्हात टाकी. जरा कुठं पान हललं की जिना चढून छप्पर बघून येई.

"दरीकडची बाजू बंदच करा," तिनं सुताराला बजावलं. "खिडकी नको."

कुबडीवर टेकलेला दीर भडकला. "मग काय, लोकांनी एवढा डोंगर चढून भिंत बघायची?"

"पाय मोडला, तरी जीभ धडधाकट आहे हो तुमची, भावजी!"

"पाय माझा मोडला, मी नाही घाबरत. तुम्हाला काय झालं?"

"खाली सगळे आले का, ते मी बघत होते," वहिनी म्हणाली. "तुम्ही दोघंच नव्हता."

शेवटी सुतारानंच तोडगा काढला: खिडकी निम्म्यानं लहान, आणि तिला आतून जाड फळ्यांची झडप.

घर उघडलं त्या सकाळी पहिलीच पाहुणी दारात आली, ती कपाळावर व्रण असलेली मुलगी.

"तू? पुन्हा?"

"तेव्हा शिखर राहिलं ना, वहिनी!"

ती सरळ वर गेली आणि खिडकीखालच्या खाटेवर पिशवी टाकली.

"तिथं नाही!" वहिनी ओरडलीच. मग खाट आतल्या भिंतीकडे ओढू लागली. मुलीनं मुकाट्यानं दुसरी बाजू धरली. खाट लागली, तशी मुलीनं जाऊन झडप उघडली. गार वारा आत घुसला. वहिनीनं चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली, पण झडप लावली नाही.

खालून दिराची हाक आली, आणखी पाहुणे आले होते. वहिनी खाली गेली, चहा टाकला, आणि उकळी यायच्या आत पुन्हा वर आली.

"मी आहे ना इथं, वहिनी," मुलगी हसली. "तुम्ही चहाचं बघा."

"तू आहेस म्हणून तर जीव थाऱ्यावर नाही," म्हणत वहिनीनं उघड्या झडपेची कडी ओढून पाहिली.