थोरल्या भावोजींनी मागे ठेवलेली खोली

आमच्या थोरल्या भावोजींना एक घर दुरुस्त करायला बारा वर्षे का लागली, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. भावोजी आळशी असते तर उत्तर एका वाक्यात संपले असते. परंतु मालवण ते तारकर्ली या रस्त्यावर त्यांच्याइतका अस्वस्थ मनुष्य दुसरा नसावा, हे विधान मी आयुष्यभर भूमिती शिकवलेल्या बाईच्या जबाबदारीने करते. दुपारी जेवून सगळे गाव आडवे होते, तेव्हाही आमचे भावोजी एखाद्या भिंतीला कान लावून उभे असतात आणि बोटाने टकटक करून ती आतून पोकळ झाली आहे की काय ते ऐकत असतात.

भावोजी म्हणजे माझ्या यजमानांचे सख्खे थोरले बंधू. भाऊ तीन. थोरले तारकर्लीच्या घरी राहून माडांची बाग पाहणारे, मधले मुंबईला कारखान्यात नोकरीला आणि धाकटे माझे यजमान. आम्ही दोघेही कणकवलीला शिक्षक. कोकणात रेल्वे सुरू झाली त्या वर्षी भावोजींनी जाहीर केले की घर टप्प्याटप्प्याने नवे करायचे, दर वर्षी एक खोली. दिवाळीनंतर काम काढायचे, पावसाच्या आधी कौले चढवायची आणि चतुर्थीला तिन्ही भावांची बिऱ्हाडे आली की कोणाच्या डोक्यावर पाणी पडता कामा नये. योजना निर्दोष होती. दोष असलाच तर तो योजना करणाऱ्याला स्वस्थ बसता येत नसे, हा होता.

त्या दिवसांपासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गवंड्याचा ओळंबा आला, तो कायमचा. जिथे जातील तिथे दोरी सोडून ते उभ्या वस्तूंची परीक्षा घेत. कुडाळला एका नातलगाकडे लग्नाला गेलो असता पंगतीत भात वाढला जात असताना भावोजी उठले, मांडवाच्या खांबाला ओळंबा लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ह्यो खांब दक्षिणेक झुकलो आसा." नवरीचे वडील हात जोडून धावत आले. "पावण्यांनू, दोन तासांचो खांब तो. तेका झुकांदे. तुम्ही सोलकढी घेवा." भावोजींनी सोलकढी घेतली, पण त्यांची नजर शेवटपर्यंत त्या खांबावरून हलली नाही.

पुरी झालेली गोष्ट त्यांना पाहवत नसे. ओटी झाली, पडवी झाली, की आठ दिवस त्यात समाधानाने फिरत आणि नवव्या दिवशी म्हणत, "वारो चुकीच्या बाजून येता." मग वाऱ्याला योग्य बाजू दाखवण्यासाठी एक खिडकी बुजे आणि दुसरी उघडे. एका वर्षी त्यांनी पुढचा दरवाजाच उत्तरेला नेला. त्याची वार्ता मुंबईला पोहोचलेली नव्हती. मे महिन्यात मधले भावोजी दोन्ही हातांत बॅगा घेऊन सवयीने जुन्या जागी गेले, तर तिथे कमरेइतकी भिंत आणि वर खिडकी.

"दादा, दरवाजो खंय?"

"गेल्या वर्षी थंयच होतो," थोरले भावोजी आतून शांतपणे म्हणाले. "बॅगा खिडकीतसून दी आणि तू फिरान ये."

चतुर्थीला तर भटजी खळ्यातच, म्हणजे पुढच्या अंगणातच उभे राहून विचारत, "यंदा गणपती खंयच्या खोलयेत?" कारण माजघराचे काम तीन टप्प्यांत झाले आणि त्या तीन वर्षांत देवाने तीन भिंती पाहिल्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या साऱ्या उलथापालथीत एका खोलीला मात्र हात लागला नाही, आणि ती म्हणजे चुलीची खोली. तिची एक भिंत पहिल्याच वर्षी पाडली होती आणि ती तशीच राहिली. थोरल्या जाऊबाई मागच्या पडवीत पत्र्याच्या आडोशाला चूल मांडून रांधत. पावसाळ्यात ओली लाकडे फुंकून त्यांचे डोळे लाल होत. "माझी खोली खंयच्या टप्प्यात आसा गो?" त्या मला विचारीत. "मी आसतानाच्या की गेल्यावरच्या?" मी दर दिवाळीला आलेखाच्या कागदावर पुढच्या कामाचा नकाशा काढून देई, कारण भावोजींचा माझ्या पट्टीवर विश्वास होता. मी चुलीच्या खोलीवर पेन्सिल टेकवली की ते कागदावर हात ठेवीत. "बाईनू, तेवढां सोडून काढा." कारण विचारले तर उठून बागेत जात. लाकूडसामान घरात पडून होते, चिरे परसात रचलेले होते, गवंडी तर रोज येतच होता. मग अडचण कसली, हे मला कोणत्याही रीतीने सुटेना.

उत्तर मिळाले ते मधले भावोजी निवृत्त होऊन मधल्या जाऊबाईंसह कायमचे गावी आले त्या दिवशी. आम्ही सुट्टीसाठी तिथेच होतो. टेम्पोतून कपाट उतरले, पलंग उतरला आणि शेवटी गॅसची शेगडी व सिलिंडर उतरले. शेगडी पाहताच थोरल्या भावोजींचा चेहरा उतरला. ते उठले आणि चांगल्या उभ्या असलेल्या भिंतीला ओळंबा लावू लागले.

इथे आमच्याकडची एक रीत सांगणे आवश्यक आहे. एका घरात कितीही भिंती घाला, घर एकच राहते. दुसरी चूल पेटली की घरे दोन होतात. मग सामाईक उरतो तो केवळ गणपती. तेव्हा स्वयंपाकघर बांधायचे तर त्यात चुली किती, हे आधी ठरवावे लागते. आणि ते थोरल्या भावाने विचारणे म्हणजे पाठच्या भावाला वेगळा हो म्हणून सांगण्यासारखेच असते.

मधले भावोजी अर्ध्या चड्डीत हिंडत होते तेव्हा थोरल्या जाऊबाई या घरात आल्या होत्या. त्यांना भीड नव्हती. त्या पदराला हात पुसत खळ्यात आल्या.

"शेगडी खंय लावतलंस, तां आधी सांग रे. ह्यांका बारा वर्सां ह्याच इचारूचां आसा. पण तोंडातसून शब्द भायर पडाक नाय."

मधले भावोजी कपाटाला टेकून उभे राहिले. "वयनी, माका काय म्हायत? दर वर्साक येवन बघतंय, सगळां घर नवीन आणि चुलीची खोली तेवढी मोडकी. म्हटलां, दादाच्या मनात माका जेवक घालूचां नाय. म्हणान शेगडी घेवन इलंय."

"अरे, तुझ्यासाठीच ठेवलेली ती!" थोरले भावोजी ओरडले. हातातला ओळंबा घड्याळाच्या लंबकासारखा हलत होता. "एक चूल की दोन, तां तुझ्या तोंडातसून येवक व्हयां होतां."

"एकच," मधले म्हणाले. "माका दोन कशाक?"

जाऊबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "दोघांकय देवान जीभ दिल्यान ती काय नुसती माशे खावक?" असे म्हणून त्या आत गेल्या, आणि त्या रात्रीचे जेवणही पडवीतच, पत्र्याखाली रांधले. मात्र आमटीत मीठ दोनदा पडले होते, तरी ती सगळ्यांनी संपवली.

पुढच्या उन्हाळ्यात चुलीची खोली झाली. एकच लांब ओटा आहे. त्यावर मुंबईची शेगडी असून तिच्याशेजारी पेजेसाठी चूलही आहे. थोरल्या आणि मधल्या जाऊबाईंत मसाल्यावरून कुरबुर होते, पण भाताचे भांडे एकच असते.

घर पुरे झाले असे मी समजत होते. मागच्या रविवारी गेलो तर दक्षिणेच्या अंगाला नवे जोते बांधलेले दिसले. खोली कोणासाठी, हे भावोजी बोलले नाहीत. आम्ही दोघे पुढच्या वर्षी निवृत्त होत आहोत, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी एवढेच विचारले, "बाईनू, खिडकी खंय काढू? सकाळचो उजेड व्हयो की सांजवेळचो?"

आम्ही कणकवलीत ब्लॉक घेतला आहे. हे सांगायला यजमानांनी तोंड उघडले आणि समुद्रावरच्या वाऱ्याविषयी काहीतरी बोलले. मी म्हणाले, "सकाळचा." भावोजींनी लगेच दोरी ताणून खूण केली. परतताना एस.टी.त आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहत होतो.

एका घरावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी जाणते. म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात एक खोली वर्षानुवर्षे अपुरी राहिली असेल, तर ती कोणाच्या उत्तरासाठी थांबली आहे, हे त्या घरच्यांना सरळ विचारावे आणि माझे म्हणणे बरोबर आहे की चूक, ते स्वतः पडताळून पाहावे.