धंदा बुडवण्याचे उपाय

माझ्या धाकट्या बहिणीचा मालवणी मसाल्याचा धंदा नायगावच्या चाळीत बारा वर्षं चालला आणि नव्या टॉवरच्या सोळाव्या मजल्यावर आल्यावर तीन महिन्यांत बसला. चाळीत मिरची भाजली की ठसका शेवटच्या खोलीपर्यंत जायचा आणि मागोमाग गिऱ्हाईक यायचं. इथे सगळी दारं बंद. घरांच्या सोडतीत शेजारीही दुसऱ्या चाळींतले आले.

"मे महिना बघते, ताई. नाहीतर सरळ नोकरी धरते," ती म्हणाली.

मी त्याच आठवड्यात ऑफिसतर्फे नव्या कल्पना शोधण्याच्या पद्धती शिकून आले होते. त्यातली उलट्या प्रश्नाची पद्धत मला पटली. धंदा वाढवायचा कसा, असं विचारलं की माणसं छताकडे बघतात. बुडवायचा कसा, असं विचारलं की भराभर सुचतं. मग एकेक उपाय उलटा करायचा. वेळ वीस मिनिटं, कुणाला अडवायचं नाही, सगळं लिहून काढायचं. रविवारी चार वाजता मी कागद-पेन घेऊन बहिणीकडे हजर.

"हं, सांगा. आपला धंदा कायमचा कसा बुडेल?"

बहिणीच्या सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "गो बाय, घरात असला वायट बोलू नको! वास्तू तथास्तु म्हणता."

"मावशी, मोठमोठ्या कंपन्यांत असंच विचारतात."

"त्येंच्या वास्तूक मराठी कळत नसात."

यावर काय करायचं ते आम्हाला शिकवलं नव्हतं. शेवटी वास्तूची हद्द उंबऱ्याशी संपते, असा निकाल मावशींनीच दिला आणि आम्ही तीन खुर्च्या लिफ्टसमोर मांडल्या.

उंबऱ्याबाहेर मावशी सुटल्या. "मिरची कुजकी घे! गिऱ्हाइकाक पाणी इचारू नको!"

"फोन उचलूच नका!" बहीणही पेटली.

मी पहिल्या चार मिनिटांत दोनदा "हळू" म्हणून स्वतःचाच नियम मोडला. समोरचं दार साखळीपुरतं उघडलं.

"भांडण झालं का हो?" एका बाईंनी विचारलं.

"नाही, मसाल्याचा धंदा बुडवतोय."

"कुणाचा?"

मी बहिणीकडे बोट दाखवलं.

"ही मसाला करते?" बाईंनी साखळीच काढली. "आणि मी मसाल्यासाठी लालबागला खेपा घालतेय! तीन महिन्यांत तोंडातून एक शब्द नाही?"

तोवर शेजारचंही दार उघडलं होतं. तिथल्या आजोबांनी आधी वास घ्यायला चिमूटभर मसाला मागितला. मी घाईने कागदावर लिहिलं, 'शेजाऱ्यांना कळू देऊ नका.' हा एक उपाय आम्ही न सांगताच चोख पाळला होता.

बहीण आतून डबा आणि चमचा घेऊन आली. बाईंनी तिथल्या तिथे वर्षाचा मसाला सांगितला, आजोबांनी मुलीच्या घरचाही.

"अजून अकरा मिनिटं शिल्लक आहेत," मी म्हटलं.

"ताई, राहू दे आता," बहीण म्हणाली. "मिरची मागवायचीय."